पालकाला पाणी आता तूच घाल

ठमे,

पालक पिवळा का पडला, ते काल कळलं. मी रोज पहाटे बेकरीत जाण्याआधी त्याला पाणी घालतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, तूही संध्याकाळी रात्रपाळीला निघताना घालतेस. सकाळी माती ओली लागायची, पण मला वाटायचं, थंडीचं दव असेल. एका घरात राहून हे आपल्याला शेजारणीने सांगायचं, म्हणजे कमाल आहे.

मुळं कुजायला लागलीत. दोन दिवस कुणीच पाणी घालायचं नाही. पिवळी पानं मी खुडून टाकलीत, तू वाफ्यात खुडबुड करत बसू नकोस, झोप काढ. मटार ठीक आहे. मुळा अजून बोटाएवढाच आहे, उपटून बघू नकोस.

आईची झारी तू माळ्यावरून काढलीस, तेही काकूंकडूनच कळलं. बरं केलंस. माझ्याच्याने ती काढवली नसती. मी आपला तांब्यानेच घालत होतो.

परवापासून पाणी तूच घाल. मी सकाळी नुसतं बोट लावून बघेन. माती ओली लागली, की तू घरी येऊन गेलीस एवढं तरी कळेल.

बाबा