डॉक्टरेटचा खर्च, साडीसकट

४ जून १९९६, सकाळी ६
निर्णय पक्का. पीएच.डी. करणार. सुरतेजवळ उधन्याच्या प्राथमिक शाळेत पाढे घोकून घेणे बस झाले. विषय: 'सुरतेतील खान्देशी कामगारांचे आर्थिक अज्ञान'. नमुना घरचाच. मेहुणा वाल्मिक. दहावी नापास. साड्यांचे गाठोडे खांद्यावर टाकून धुळ्या-जळगावची खेडी हिंडतो. हिशेब बोटांवर.

५ जून
बायकोला, कलाला सांगितले. बमरोलीत खोली घ्यायची म्हणून बयाण्याला साठवलेले नऊ हजार यात लागतील. तिने एवढेच विचारले, पगार कितला वाढी? बायकांची झेप पगारापलीकडे जात नाही. तरी शिक्षण समितीच्या ऑफिसात विचारून ठेवावे. उद्या.

१६ जून
जळगाव. गाइड सरांच्या घरी भेट. थोर विद्वान. विषय ऐकून डोळे मिटले, ते चहा येईपर्यंत मिटलेलेच. निघताना सरांच्या पत्नी, मॅडम म्हणाल्या, सुरतेहून आलात आणि हात हलवत? सुरतेचा माणूस म्हणजे साडी, ही खास खान्देशी समजूत. प्रकरण एकमध्ये घ्यावी.

७ जुलै
साडी नेली. मॅडम खूश. सरांनी रूपरेषा उशाखाली ठेवली. शेजारच्या दोन प्राध्यापिकांनीही रंग सांगितले. तोंडी परीक्षेला हे संबंध उपयोगी पडतील. याला गुंतवणूक म्हणतात. वाल्मिकला कळायला सात जन्म लागतील.
ऑफिसात विचारायचे राहिले. पाऊस होता.

१८ ऑगस्ट
फी, टायपिंग, गाडीभाडे, अकरा साड्या. साड्यांचे पैसे कुणी देत नाही, आणि मागणे संशोधकाला शोभत नाही. वाल्मिक म्हणाला, दाजी, एवढ्या महाग कुठून घेतल्या? आणि हसला. अडाण्याला हसू फार.

२२ सप्टेंबर
सरांनी रूपरेषा वाचली! पहिले पान. बाकीची सापडत नाहीत.

१३ ऑक्टोबर
बमरोलीची खोली दुसऱ्याने घेतली. कला रडली. मला वाईट वाटले. जेवलो नाही. (नंतर थोडे जेवलो.) डॉक्टर झाल्यावर बंगलाच घेऊ, असे सांगितले.

२५ ऑक्टोबर
ऑफिसात विचारले. क्लार्क मालतीबाईंनी मी कितवीला शिकवतो ते दोनदा विचारले. तिसरीला. प्राथमिक शिक्षकाला पीएच.डी.ची वेतनवाढ काहीच नाही म्हणे. फाइलमधून मान वर न काढता सांगितले. कारकुनी वृत्ती!
घरी बोललो नाही. कलाला कळले. तिचे फर्मान: यापुढे साड्या वाल्मिककडून, पैसे रोख, नफा खोलीसाठी.

८ डिसेंबर, रात्रीची पॅसेंजर
सरांच्या दारात उभा होतो. आतून सरांनी विचारले, कोण आहे? मॅडम म्हणाल्या, ते सुरतेचे साडीवाले. सर म्हणाले, अगं मग बसव की त्यांना. सहा महिन्यांत सरांनी पहिल्यांदाच बसायला सांगितले.
चौदा साड्या खपल्या. सगळे रोख. नफा माझ्या आठवड्याच्या पगाराएवढा. दोनदा मोजला, बोटांवर.
रूपरेषेचे विचारायचे राहून गेले. खांदा फार दुखतो. वाल्मिक गाठोडे कोणत्या खांद्यावर घेतो, ते उद्या विचारावे.