सात नंबरचं लाल घर

नांदुरा, १२ जानेवारी २०२५

चि. प्राचीस काकाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या कॉलनीच्या वेबसाइटचे तू पैसे घेतले नाहीस, म्हणून ती फुकट झाली असं समजू नकोस. मी हिशेब केला. ड्रोनवाल्याचे साडेचार हजार. मधली जागा बगीच्यासारखी दिसावी म्हणून तुझ्या काकूचे मेथीचे दोन वाफे उपटले आणि तिथं विकतची हिरवळ अंथरली, ती तिसऱ्या दिवशी वाळली. वर काकूचा नऊ दिवस अबोला. नऊ दिवस मी माझ्या हातचा चहा प्यालो. त्या मानानं ड्रोन स्वस्त पडला.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्या बापानं जन्मभर पोस्टात नोकरी करून घरातल्या सगळ्यांना लिहायची खोड लावली, आणि साइटवरचे गवंडी माझा फोन माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकतात.

आता काम. नकाशात चाळीस घरं हिरवी आहेत. पूर्वेच्या दाराची अकरा लाल कर, म्हणजे विकलेली. अजून एकही गेलं नाही हे मलाही माहीत आहे. पण रिकाम्या हॉटेलात कोणी चहा प्यायला जात नाही. आणि चांगला माल आधी जाते हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, दक्षिणेची लाल केली तर लोक हसतील. आपल्याकडं माणूस घराआधी शेजार विचारते, म्हणून लाल घरावर बोट ठेवलं की नाव दिसलं पाहिजे. नावं सोबत जोडली आहेत, सगळी आपल्याच माणसांची. चार नंबरला आपला जुना गवंडी उकंडराव टाकला. तो वारून दोन वर्षं झाली, तक्रार करायला येणार नाही. सातला तुझ्या बापाचं नाव दे, पोस्टमास्तर म्हटलं की भरवसा बसते.

वर ठळक अक्षरात लिही की पहिल्याच महिन्यात अकरा घरं गेली. भिंतीवर बोट वाजवून आत सिमेंट किती अन् वाळू किती ते सांगणारा माणूस आहे मी. गिऱ्हाइकाचं मनही तसंच वाजवून पाहतो. उन्हाळ्याच्या आत चाळीसही लाल होतील.

वेळेवर जेवत जा. इकडचा लोभ आहे तेवढाच आहे, पुण्याच्या गर्दीत सांडू नकोस.

तुझा,
शेषरावकाका

•

मेहकर, ३ मार्च २०२५

चि. शेषूस आशीर्वाद.

मोबाइल मले जमत नाही हे तुले माहीत आहे. समोरच्या गुरुजींच्या नातीनं, गार्गीनं, तुझी कॉलनी उघडून दाखवली. लाल घरावर बोट ठेवलं की नाव उमटते. सात नंबरवर माझं नाव. मी चष्मा पुसला अन् पुन्हा बोट ठेवलं. तुझी वहिनी उठली. आत गेली अन् देवापुढं साखर ठेवून आली.

आता सांगायले हरकत नाही. कॉलनीसाठी मळ्याच्या कागदावर सही करताना ती म्हणे, वाचून तरी घ्या, अर्धा मळा तुमचा आहे. मी म्हटलं, शेषूचा कागद काय वाचायचा? त्यावर चार वर्षं गेली. तू विषय काढला नाहीस, मीही नाही. पण मनात एक खडा होता, बे. तो परवा निघाला. तू न बोलता घर देऊन मोकळा झालास, अन् मी काय काय मनात आणलं त्याची लाज वाटून राह्यली.

घरमालकाले सांगून टाकलं की पाडव्याआधी खोल्या सोडतो. एकतीस वर्षं राह्यलो, त्याले भाच्यासाठी पाहिजेच होत्या. दारासमोर पायऱ्या किती आहेत ते कळव, वहिनीचे गुडघे दोनच्या वर ऐकत नाहीत. परसात शेवग्याची फांदी लावीन, तुझ्या कलाबाईले शेंगा आवडतात.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तो किती आहे ते नकाशात पाहिलं.

तुझा,
निवृत्तीदादा

•

पुणे, १२ मार्च २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा तीन दिवसांत चार वेळा फोनवर बोलले, चारही वेळा फक्त तुमच्याबद्दल. आईनं भांडी बांधायला काढली आहेत. मी पायऱ्या दोनच आहेत एवढं सांगितलं.

काका, नाव तुम्ही दिलंत, पण रंग मी भरला. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आता सांगायला तुम्हीच जा. मी सांगितलं तर ते माझीच समजूत काढतील की काकाला असं बोलू नये.

दुसरंही कळवते. वेबसाइटवरून आजवर तेवीस जणांनी विचारणा केली. एकोणीस जणांना पूर्वेचंच दार हवं. ती संपली म्हटलं की उरलेल्यांवर उडी पडेल असं तुम्ही म्हणाला होतात. लोक आभार मानतात आणि दुसरीकडं जातात. आपण आपलीच चांगली घरं दडवून बसलो आहोत. आता हिरवी केली तर लोक विचारतील की अकरा जण पळाले का.

खामगावच्या एका डॉक्टरीणबाईंना सात नंबरच हवं आहे. सगळी रक्कम एकदम देतील. मालकाशी गाठ घालून द्या म्हणतात. मालक म्हणून नाव बाबांचं आहे.

काकूंना नमस्कार. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण माया आटू देऊ नका.

तुमची,
प्राची

•

नांदुरा, ९ एप्रिल २०२५

चि. प्राचीस आशीर्वाद.

मेहकरला जाऊन आलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, एसटीत वाक्यं पाठ केली होती. दार लोटलेलं होतं. माझे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे. आत वहिनी दादाला म्हणत होती की घराचा कागद झाला का तेवढं एकदा विचारा. दादा म्हणाला, असं विचारलं तर शेषूले वाईट वाटंल.

मी कडी वाजवली. आत गेलो, बांधलेली एक पेटी खांद्यावर घेतली आणि टेम्पो कधी आणू ते विचारलं. पाठ केलेलं सगळं तिथंच राहिलं.

डॉक्टरीणबाईंना नाही म्हटलं. त्यांनी शेगावला घर घेतलं. त्यांच्या पैशांवर पुढचं प्लास्टर होणार होतं. ते थांबलं, गवंडी दुसऱ्या साइटवर गेले. पाडव्याला दादानं सात नंबरवर गुढी उभारली. बाकीच्या एकोणचाळीस दारांना चौकटीच आहेत, त्यांतून वारं वाहते. नळ आलेला नाही. दादा हापशीवरून बादल्या आणतो आणि सकाळचा व्यायाम होते म्हणतो. शेवगा लावला आहे.

त्याच्या नावाच्या खरेदीखताचं काय अडलं ते सांगावं म्हणून मी परवा तोंड उघडलं. तो म्हणाला, भावाभावांत कागद कशाले. सगळी जमीन बँकेत गहाण आहे आणि ती सुटल्याशिवाय सात नंबरचा कागद होत नाही, हे त्याला अजून माहीत नाही. तू सांगू नकोस. मीच सांगेन. कधी, ते विचारू नकोस.

काकू रोज त्यांच्याकडं भाजी पोचवते. माझ्याशी पुन्हा अबोला आहे, या वेळी दिवस मोजत नाही.

आशीर्वाद देतो, ते ठेवून घे.

तुझा,
शेषरावकाका

ता. क. सात सोडून बाकीची दहा लाल घरं हिरवी कर. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. वरची ठळक ओळही काढून टाक. कॉलनीत आजपर्यंत एकच कुटुंब राहायला आलं आहे, आणि विकलेलं घर एकही नाही.