नुसती शिल्लक बघायची फी

तीर्थरूप बाबा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. लाँड्रीतलं इस्त्रीचं काम आता हाताला बसलंय. मनगटावर जरा भाजलं होतं, तेही सुकलं. वहिनीला सांगू नका, उगाच बाऊ करेल. तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि लगेच दादाकडे देता, म्हणून लिहितेय.

दर आठवड्याच्या पगारातून मी तुमच्यासाठी पैसे भरते ते कार्ड घेताना दोन प्रकार होते. एकाला दर महिन्याला फी, दुसऱ्याला एटीएम मशीन वापरलं तरच. मी दुसरं घेतलं. म्हटलं, आमचे बाबा चिक्कू, मशीनकडे फिरकायचे नाहीत. आणि तुम्ही तर दर सोमवारी जाता, दमडी काढत नाही, नुसती शिल्लक बघून येता! अहो, बघायचीही फी पडते.

दादाकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "रक्कम वाढलेली दिसली की बाबा म्हणतात, पोरगी कामावर जातेय, म्हणजे बरी आहे."

मग मी तक्रार मागे घेतली. कारण फी कापल्याचा मेसेज माझ्या फोनवर येतो, आणि मलाही कळतं, बाबा तिथवर चालत गेले. मागे एका सोमवारी तो मेसेज आलाच नाही. मी सारखं फोनकडे बघत होते. मनगट भाजलं ते त्याच दिवशी.

औषधं कार्डावरच घ्या, दुकानात फी नाही. पण सोमवारी मशीनकडे जात राहा, सावकाश. एवढ्याशा पैशांत तुमची भेट होते. स्वस्तच पडते की.

तुमचीच,
उधळी लेक