काचेवरचा पाहुणा

सोमवार, संध्याकाळ

येरमाळ्याच्या मावशींच्या गाठीचा काप लावलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून आमच्या लॅबमधली नवी पोरगी, सुलभा, रडवेली झाली. "काका, कडेला वाईट पेशी हायत. कसं सांगायचं त्यांना?"

मी बघितलं. त्या पेशींचा तुकडा बाकीच्या मांसापासून सुटा, एकटाच. म्हणलं, "बाई, हा पाहुणा दिसतोय. परत काप काढ." त्याच गाठीचे नवे काप काढले. तुकडा कुठंच न्हाय. डॉक्टरीणबाईंनीही बघून मान डोलावली. काप पसरायच्या कोमट पाण्यात आदल्या रुग्णाचा तुकडा तरंगत राहिला, तोच इथं चिकटला.

"काका, लई तेज नजर तुमची!" म्हणाली गुणाची पोर.

दोन रुग्णांच्या मधी, उरलेले तुकडे उचलायला, पाण्यावरनं कागद फिरवून घ्यायचा असतो. सकाळी ते काम माझंच होतं. मग गप्प का बसलो मी? उद्या सांगतो. रागावली तर रागावू दे, कागद तरी ती कधी विसरणार न्हाय.