झेंडूत पाय टाकायचा नाही
१४ सप्टेंबर
पुन्हा! पाळी होऊन आठवडा नाही झाला आणि परत डाग. आमच्याकडे अडचण असली की झेंडूच्या वावरात पाय टाकायचा नाही — फुलं देवाला जातात. सासूबाई बांधावरूनच ओरडल्या, "परत? आत्ताच तर बसली व्हतीस बाजूला!" उष्णता म्हणे. धने-जिऱ्याचं पाणी ढोसतेय. फरक शून्य.

१८ सप्टेंबर
काल हे जवळ आले आणि नंतर चादरीवर रक्त. इतके घाबरले! "माझ्यामुळं झालं का गं?" त्यांना काय सांगू? मलाच काही कळत नाही.

२१ सप्टेंबर
उद्या घट बसणार. नाशकात फुलांना मागणी, तोडायला बाया मिळेनात. डाग आहेतच. कुणाला न सांगता पॅड लावून वावरात शिरले.

२४ सप्टेंबर
आज जास्तच गेलं. कंबर धरलीय. तशा अंगानं देवाच्या फुलांना शिवले, तेच भोगतेय — दुसरं काय! डॉक्टरकडे जाऊन काय सांगणार? दसरा होऊ दे, मग बघू.

२५ सप्टेंबर
सापडले! साडीला मागून डाग आणि डोक्यावर फुलांची पाटी. सासूबाईंनी पाहिलं. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी डोळेच मिटले. त्यांनी पाटी उतरवून घेतली. "किती दिस झाले?" सगळं सांगून टाकलं, चादरीचंसुद्धा. "उद्या डॉक्टरीणबाईकडं जायचं. फुलं राहू दे." फुलं राहू दे — ह्या बाईच्या तोंडून!

२६ सप्टेंबर
गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ आहे. कॅन्सर? "बहुतेक गाठी साध्या असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण नुसतं बघून खात्री देता येत नाही. काढू आणि तपासायला पाठवू."
फुलांचं सांगितलं तर चिडल्याच. "फुलांचा काय संबंध? पाळी नसताना रक्त, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त, घाण वासाचं पाणी — सणवार बघत बसायचं नाही. पाळी कायमची गेल्यावर तर एक थेंब दिसला तरी यायचं!" सासूबाई शेजारीच होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

२९ सप्टेंबर
गाठ काढली. चिमटा बसावा तेवढंच दुखलं. भीती रिपोर्टची. आरोहीची वेणी घालताना हात थांबला. चौथीत आहे पोर. मला मरायचं नाही.

२ ऑक्टोबर
दसरा. रिपोर्ट आला नाही अजून. पुरणपोळी पानात तशीच.

७ ऑक्टोबर
गाठ साधी! कॅन्सर नाही! डॉक्टरीणबाईंसमोरच रडू फुटलं. ह्यांना फोन लावला तर तेही रडायला लागले.
पर्स उचलली, सासूबाईंना म्हटलं, चला आत्याबाई. त्या खुर्चीतून उठेनात. पदर तोंडाशी धरून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "बाई, माझी पाळी जाऊन लय वर्षं झाली. पण संक्रांतीपासून मलाबी रगत दिसतंय. हिच्यासंगं आले, तवाच सांगणार व्हते... तोंडच उघडंना."
मी परत बसले. त्यांचा हात हातात घेतला. गार पडला होता.