तिसऱ्या अंकातली दुरुस्ती

मी, दत्तात्रेय हिराजी थळे, वय वर्षे बासष्ट, व्यवसाय नाटके लिहिणे, राहणार रेवस बंदराच्या अलीकडे बांधावरचे घर, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि स्वखुशीने लिहीत आहे. चालताना दम लागतो, पण डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर वडिलोपार्जित आहे. त्यातला अर्धा हिस्सा माझी धाकटी बहीण केसर, राहणार चौल, हिचाच आहे. तो मी देतो म्हणणे आगाऊपणा होईल. माझा अर्धा तिची मुलगी हेमांगी हिला मिळावा. मांडव्याकडून मोठ्या गाड्या घेऊन जे दलाल येतात आणि ओटीवर चढून "काका, सी-व्ह्यू हाय, सोडताव काय?" म्हणून विचारतात, त्यांना तिने चहासुद्धा देऊ नये.

२. नाटकाच्या सामानाची पेटी नट विनेश म्हात्रे यास. दीडशे प्रयोगांत त्याने माझे एकही वाक्य मी लिहिले तसे म्हटले नाही. पण तालमीला कधी उशीर केला नाही, म्हणून पेटी त्याचीच.

३. माझे नाटक 'उघाडी'. हे कलम वकिलांनी दोनदा खोडले, मी दोनदा पुन्हा लिहिले.

समुद्र शेतात शिरू नये म्हणून आमच्या बांधाला लाकडी दार असते, ती उघाडी. भरतीआधी ती खाली पाडून बंद करायची. घराघराची पाळी लागलेली असते. चौऱ्याऐंशी सालच्या भाद्रपद अमावास्येला पाळी आमची होती आणि काम माझे होते. मी देवळात तालमीला बसलो होतो. दुपारच्या उधाणाने अकरा घरांचे पोटरीला आलेले भात खारवले. तीन वर्षे तिथे काही उगवले नाही.

केसर तेव्हा सतरा वर्षांची. मी धावत आलो तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती. मला म्हणाली, "दादा, तू गप ऱ्हा. बाबा तुला जित्ता न्हाय ठेवाचा. मी सांगतंय, मीच इसरली." बाबांनी तिला मारले, आणि गावाला सांगितले की फळ्या कुजल्या होत्या. गोष्ट घरातच राहिली.

ती बाहेर काढली मी. चार वर्षांनी नाटक लिहिले. आईची चूल, तिचा खोकला, बाबांचे विडी विझवणे, सगळे जसेच्या तसे. घराचे निळे दार बिजागरीवरून काढून टेम्पोने रंगमंचावर नेत असे. प्रयोगाच्या दिवशी घराला दार नसायचे. फक्त तिसऱ्या अंकात उघाडी विसरते ती बहीण. मला वाटले, भाऊ विसरला तर प्रेक्षक त्याच्यावर चिडतील आणि नाटक पडेल. स्वतःला वाचवत होतो हे तेव्हा कबूल केले नाही.

आमच्या जत्रेत प्रयोग झाला तेव्हा केसर बायकांच्या पहिल्या रांगेत होती. लोकांनी दार ओळखले, चूल ओळखली आणि म्हणून विसरणारीही खरी मानली. तिचे लग्न ज्या घरात ठरले होते, त्यांचे भात त्या अकरांत होते. आठवड्यात सोयरीक मोडली. मला राज्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. अस्सल वास्तव, असे परीक्षकांनी लिहिले होते.

पुढे ती चौलला दिली गेली. त्या घरी सुखात आहे म्हणतात. छत्तीस वर्षांत या घरात तिने पाऊल टाकलेले नाही. मी तीनदा तिच्या वाडीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. हेमांगी वर्षातून एकदा येते, सुपारी आणते. मी विचारतो, आई काय म्हणते? ती म्हणते, "मामा, आई तुमचा नाव बी न्हाय काढत." तरी मी दर वर्षी विचारतो. केसरची मला फार आठवण येते. हे वाक्य नाटकात कुठे बसले नाही, म्हणून इथे लिहिले.

सबब, यापुढे 'उघाडी'चा प्रयोग करणाऱ्याने तिसऱ्या अंकात उघाडी पाडायची भावाकडूनच राहिलेली दाखवावी. भावाचे नाव दत्तात्रेय ठेवावे. नाटक पडले तर पडू द्यावे.

४. केसरला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. रागावून नव्हे. ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला तिचीच साक्ष हवी आहे. त्या दुपारी काय झाले हे तिच्याइतके कोणाला ठाऊक आहे? दोन साक्षीदारांशिवाय हा कागद रद्दी ठरतो. वकिलांनी त्यांचा कारकून सुचवला. मी नको म्हटले. कागद हेमांगीबरोबर चौलला धाडत आहे. केसरने तो वाचावा, आणि सही मात्र इथे येऊन, माझ्यासमोर करावी.

स्थळ : बांधावरचे घर. निळे दार बिजागरीवर परत बसवले आहे.

साक्षीदार १ : डॉ. अमिषा घरत (सोबतचा दाखला यांचाच; सहीच्या दिवशी येण्याचे कबूल)

साक्षीदार २ : केसर

लिहून देणार : दत्तात्रेय हिराजी थळे (सही दोघींसमोर करीन)

दिनांक : केसर येईल तो