यांची जखम भरली

ती. आईंना सुनेचा नमस्कार.

यांची डोक्याची जखम भरली. शिडीवरून पडल्याचं आता वाटतही नाही. चालतात, पोटभर जेवतात. तुमचे गुडघे कसे आहेत?

डॉक्टर म्हणाले, "आठवणी शाबूत आहेत. पण मेंदूचा पुढचा भाग दुखावलाय. जीव लावणं, राग आवरणं तिथून चालतं."

बाबा गेल्याचं काल यांना सांगितलं. "बरं," म्हणाले आणि भाजीत मीठ मागितलं. मग बाबांनी सायकल कशी शिकवली, ते सगळं बिनचूक सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही. धाकटी रडायला लागली, तर तिच्यावर हात उगारला. मी मधे पडले.

यांना प्रवास झेपणार नाही. रविवारी फोन लावून देईन. बोलताना हे हसले तर मनाला लावून घेऊ नका, आई. यांच्या वाटचंही मीच रडतेय.

तब्येतीला जपा.

तुमची,
सून